वीस माणसांना वाई पायी दाखवायची असेल तर: वारसाफेरीची आखणी, टप्प्याटप्प्याने

वाईची वारसाफेरी काढायची ठरलं की बहुतेक जण कागद घेऊन देवळांची यादी करायला बसतात. ढोल्या गणपती, काशीविश्वेश्वर, महालक्ष्मी, सगळे घाट, दोन-तीन वाडे आणि जमलंच तर मेणवली. बघता बघता यादी बारा-चौदा ठिकाणांवर जाते. फेरी साडेनवाला सुरू होते. साडेअकराला निम्मी माणसं सावली शोधत पांगलेली असतात, पुढे चालणारा एकटाच बोलत असतो आणि मागच्यांना त्यातलं अक्षरही ऐकू येत नसतं.

छोट्या गावाचा जुना भाग हा संग्रहालयासारखा मोकळा नसतो. आळ्या अरुंद, दारात दुचाक्या लावलेल्या, ओट्यावर माणसं बसलेली, घाटावर कुणाचे तरी विधी चाललेले. म्हणून फेरी ठिकाणांवरून आखायची नाही, थांब्यांवरून आखायची. थांबा म्हणजे जिथे वीस माणसं कुणाची वाट न अडवता, सावलीत, पाच-सात मिनिटं उभी राहू शकतात आणि बोलणाऱ्याचा आवाज शेवटच्या माणसापर्यंत पोचतो अशी जागा. जवळपास अशी जागा नसेल तर ते देऊळ कितीही मोलाचं असो, ते चालता चालता बोटानं दाखवायचं आणि पुढे जायचं.

खालचे टप्पे याच क्रमाने करा. विशेषतः दुसरा आणि तिसरा टप्पा उलटा करू नका. बहुतेक फेऱ्या तिथेच बिघडतात.

टप्पा १: फेरीचं सूत्र एका वाक्यात लिहा

वाईत दोन तासांत सांगून होणार नाही इतकं आहे. त्यामुळे एका फेरीला एकच सूत्र घ्या. मला वाईसाठी तीन सूत्रं चालणारी वाटतात.

पहिलं, गाव आणि नदी: घाट, पूर, नदीचा उत्सव, पाण्याच्या अंगाने बांधलेली देवळं. दुसरं, रास्त्यांची वाई: पेशवाईत या घराण्याने इथे काय काय बांधलं, नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई याच घराण्यातल्या, तो धागाही इथे येतो. तिसरं, विद्येची वाई: प्राज्ञपाठशाळा, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी, मराठी विश्वकोशाचं काम, वाचनालयं.

तिन्ही एकत्र घेतलीत की दर थांब्यावर विषय बदलतो आणि ऐकणाऱ्याच्या हाती काहीच राहत नाही. पुढची सगळी उदाहरणं मी पहिल्या सूत्राची घेतली आहेत. पहिल्यांदाच फेरी काढणाऱ्याला ते सर्वांत सोपं जातं, कारण सांगायचं ते समोर दिसत असतं.

माणसं किती घ्यायची तेही आत्ताच ठरवा. पंधरा उत्तम, वीस ही कमाल मर्यादा. पंचवीस झाली की आळीत रांग लांबते आणि उघड्या गळ्याचा आवाज पुरत नाही. जास्त नावं आली तर दोन तुकड्या करून अर्ध्या तासाच्या अंतराने सोडा. "एवढ्या लांबून आलेत, नाही कसं म्हणायचं" म्हणून तीस माणसं घेतलीत तर तिसांचीही सकाळ वाया जाते.

तपासा: तुमचं सूत्र ऐकून वाईतलाच एखादा माणूस "हां, मग अमुक दाखवायलाच हवं" म्हणाला, तर सूत्र नेमकं आहे. तो "म्हणजे सगळंच दाखवणार ना?" म्हणाला, तर वाक्य पुन्हा लिहा.

टप्पा २: पाहणी, त्याच वारी आणि त्याच वेळी

रविवारी सकाळी सातला फेरी असेल तर पाहणीही रविवारी सकाळी सातलाच. मंगळवारी दुपारी गाव पाहून केलेली आखणी रविवारच्या सकाळी उपयोगाची नसते. बाजाराच्या दिवशी तर तीच गल्ली ओळखू येत नाही.

वही घ्या आणि थांबण्याजोग्या प्रत्येक जागेसमोर हे लिहा:

- या वेळेला सावली कुठे पडते, आणि अर्ध्या तासाने ती कुठे सरकेल
- किती माणसं उभी राहतील, किती बसतील (पायऱ्या, कट्टा, ओटा)
- आवाज कशाचा आहे: घंटागाडी, भजनाचा भोंगा, पंप, शाळेची प्रार्थना
- समोरच्या घराचं दार अडतं का
- जवळचं स्वच्छतागृह कुठे आहे, ते त्या वेळी उघडं असतं का, आतून कडी लागते का

घंटागाडीकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. ती गाणं वाजवत आळीत शिरते, दारोदार थांबते आणि तुमचा सातवीस ते सातचाळीस हा चांगला वेळ खाऊन टाकते. तिची वेळ आळीत कुणालाही विचारा, मिनिटावर सांगतील. मग त्या वेळी तुम्ही घाटावर असाल असं जुळवा.

आवाजाची चाचणी अशी घ्या: बरोबर एक मित्र न्या, त्याला शेवटचा माणूस उभा राहील तिथे उभं करा आणि रोजच्या आवाजात एक वाक्य बोला. त्याने ते जसंच्या तसं परत म्हणून दाखवलं पाहिजे. मान डोलावली म्हणजे ऐकू आलं असं धरू नका.

घाटासाठी दोन गोष्टी वेगळ्या पाहायच्या. एक, पायऱ्यांवरचं शेवाळ. पाणी उतरल्यावरही खालच्या पायऱ्या कितीतरी दिवस निसरड्या राहतात. दुसरी, माणसं घाटाचा काय उपयोग करतात. वाईचे घाट फोटोसाठी ठेवलेले नाहीत. तिथे कपडे धुतले जातात, मुलं पोहतात, दहाव्या-तेराव्याचे विधी होतात. विधी कुठल्या बाजूला चालतात ते पाहून तुमचा थांबा तिथून दूर धरा.

इशारा: पावसाळ्यात घाटाची फेरी ठेवूच नका. वरच्या बाजूला धोम धरण आहे. विसर्ग वाढला की कृष्णेचं पाणी चढतं आणि ढोल्या गणपतीच्या देवळापर्यंत येतं. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ घ्या. तेव्हाही आदल्या दिवशी पाण्याची पातळी डोळ्यांनी पाहा.

टप्पा ३: थांबे ठरवा, मग त्यांना जोडणारी रेघ ओढा

पाहणीनंतर हातात आठ-दहा शक्य जागा असतील. त्यातल्या सहा ठेवा. दोन तासांत सहा थांबे आणि सगळं मिळून दीड-दोन किलोमीटर चालणं, याहून जास्त धरू नका. गटाचा वेग तुमच्या एकट्याच्या वेगाच्या निम्मा असतो. तुम्हाला पाच मिनिटं लागतात तिथे गटाला दहा धरा.

क्रम लावताना चार गोष्टी एकाच वेळी सांभाळाव्या लागतात. पायऱ्यांचा थांबा सुरुवातीला, पाय ताजे असताना. उन्हातला थांबा आधी, सावलीतला नंतर. चपला काढायला लागणारी ठिकाणं एकमेकांना लागून. आणि शेवट अशा ठिकाणी, जिथे बसायला जागा आणि चहा दोन्ही मिळेल.

चपलांचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. वीस माणसांनी बूट सोडायचे, मोजे खिशात कोंबायचे, आत जाऊन यायचं, आपला जोड शोधायचा, पायरीवर बसून नाड्या बांधायच्या: यात दहा मिनिटं सहज जातात. तीन देवळांत आत गेलात तर अर्धा तास नुसत्या पादत्राणांत जातो. म्हणून आत जायचं देऊळ एक, फार तर दोन. बाकी सगळी बाहेरून.

नदीच्या सूत्राची एक चालणारी आखणी अशी:

गंगापुरीत जमायचं. प्राज्ञपाठशाळा आणि विश्वकोशाचं कार्यालय याच भागात आहे. आपलं सूत्र नदीचं असल्याने त्यांच्याबद्दल एवढंच सांगायचं की नदीकाठच्या या आळीत तर्कतीर्थांच्या पुढाकाराने विश्वकोशाचं काम उभं राहिलं आणि १९७६ मध्ये त्याचा पहिला खंड आला. कुणी जास्त विचारलं तर "चहाच्या वेळी बोलू" म्हणायचं. तिथून घाटाकडे उतरायचं. नदी दिसते अशा सावलीच्या जागी दुसरा थांबा: आळ्यांचे आणि घाटांचे परस्परसंबंध. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आळी ही नावं इथेच सांगायची आणि प्रत्येक आळीला आपला घाट का लागतो हेही. मग मधल्या आळीतून चालत गणपती आळीकडे. आळीत एखाद्या वाड्याच्या दाराशी तिसरा थांबा. चौथा ढोल्या गणपतीच्या पाठीमागे, पाचवा काशीविश्वेश्वराच्या आवारात, सहावा घाटाच्या वरच्या अंगाला, बसून.

चौथ्या थांब्यावर जरा थांबतो, कारण तिथला क्रम जवळजवळ प्रत्येक जण चुकतो. लोक थेट गाभाऱ्यात जातात, मोठी मूर्ती पाहतात, "ढोल्या" नाव का ते कळतं, हसतात आणि बाहेर पडतात. देवळाची खरी करामत पाठीमागच्या बाजूला आहे आणि ती पाहायची राहून जाते. हे देऊळ गणपतराव भिकाजी रास्त्यांनी १७६२ मध्ये नदीच्या पात्रालगत बांधलं. पुराचा लोंढा सरळ अंगावर आला तर भिंत टिकणार नाही, म्हणून मागची भिंत सपाट न ठेवता माशासारखी निमुळती केली. पाणी टोकाशी दुभंगतं आणि दोन्ही बाजूंनी निघून जातं. हे आधी सांगायचं नाही. माणसांना पाठीमागे न्या, भिंतीकडे तोंड करून उभं करा आणि विचारा, "ही भिंत अशी का असेल?" एक मिनिट गप्प राहा. कुणीतरी दगडावरच्या पाण्याच्या खुणेकडे बोट दाखवतं, कुणी होडी म्हणतं, कुणी मासा. उत्तर त्यांच्याकडूनच येतं. मग दर्शनाला न्या. आता मूर्ती पाहताना त्यांच्या डोक्यात पुराचं पाणी असतं.

पाठीमागे जाता येईल का हे पाण्यावर आणि गाळावर अवलंबून आहे. जाता येत नसेल तर भिंत तिरकी का होईना पण दिसेल असा घाटावरचा कोपरा पाहणीतच हेरून ठेवा.

शेजारचं काशीविश्वेश्वर आनंदराव भिकाजी रास्त्यांनी १७५७ मध्ये बांधलं. इथे थांबा नंदीपाशी घ्या. काळ्या दगडाचा नंदी इतका घोटलेला आहे की त्याच्या पाठीवर उजेड सरकताना दिसतो. गळ्यातला साज बघायला एका वेळी चार-पाच जणांनाच जवळ सोडा. बाकीच्यांना तोवर दीपमाळांकडे वळवा. वीस जण एकदम नंदीभोवती जमले की कुणालाच काही दिसत नाही आणि दर्शनाला आलेल्यांची वाट अडते.

इशारा: मेणवली पायी फेरीत घालू नका. नाना फडणवीसांचा वाडा, तिथला घाट आणि १७३९ च्या वसई मोहिमेतून आलेली घंटा हे सगळं पाहण्यासारखं आहे, पण ते वाईपासून तीनेक किलोमीटरवर आहे. "जाता जाता करून येऊ" म्हटलं की गाड्या, पार्किंग आणि हजेरी यांतच तास जातो. ज्यांना हवं त्यांनी फेरी संपल्यावर आपल्या गाडीने जावं. रस्ता सांगून द्या.

टप्पा ४: माहितीचे तीन ढीग करा

जे जे सांगणार ते लिहून काढा आणि प्रत्येक वाक्यापुढे खूण करा: "लिखित", "ग्रंथातलं" किंवा "सांगीव". शिलालेख, सनदा, दस्तऐवज हे पहिल्यात. १८८५ चं सातारा जिल्ह्याचं गॅझेटियर आणि त्यानंतरची अभ्यासपूर्ण पुस्तकं दुसऱ्यात. गावात ऐकलेलं तिसऱ्यात.

तिसरा ढीग टाकून देऊ नका, फक्त सांगताना आवाज बदला. कृष्णाबाईच्या उत्सवाचंच घ्या. अफझलखानाचं संकट टळावं म्हणून कृष्णामाईला नवस बोलला गेला आणि त्यातून उत्सव सुरू झाला, असं वाईत सांगतात. इथे "असं वाईत सांगतात" हे शब्द गाळायचे नाहीत. अफझलखान वाईचा सुभेदार होता आणि १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाच्या पायथ्याशी मारला गेला, हे मात्र ठामपणे सांगा. दोन्ही वाक्यं एकाच सुरात म्हटलीत की ऐकणारा दोन्ही एकाच वजनाने घरी नेतो. वाई म्हणजे महाभारतातली विराटनगरी, हेही तिसऱ्याच ढिगातलं.

आणि भुयार! कुठल्याही वाड्यासमोर पाच मिनिटं थांबा, कुणीतरी सांगणारच की इथून भुयार थेट पांडवगडावर निघतं. वाद घालू नका. "तोंड दाखवणारा कुणी भेटला की आपण नक्की जाऊ" एवढं म्हणा आणि पुढे चला.

प्रत्येक थांब्याला बोलणं चार मिनिटं. लिहिलेला मजकूर मोठ्याने वाचून घड्याळ लावा. साधारण साडेचारशे शब्दांच्या पुढे गेला तर छाटा. छाटताना सनावळ्या आधी उडवा. एका थांब्याला एक साल पुरतं. कागद हातात धरून वाचू नका, पण सालं आणि नावं लिहिलेलं छोटं कार्ड खिशात असू द्या.

टप्पा ५: परवानगी आणि शेजार

देवस्थानाच्या व्यवस्थापनाला प्रत्यक्ष भेटा: तारीख, वेळ, माणसं किती, आत किती वेळ, फोटो चालतील का. फोनवरचं "या हो, काही हरकत नाही" पुरत नाही, कारण त्या दिवशी दारात उभा असलेला माणूस वेगळा असतो. कोणाशी बोललात त्यांचं नाव लिहून ठेवा.

वाडे खाजगी आहेत आणि तिथे माणसं राहतात. दिंडी दरवाजा उघडा दिसला म्हणजे आत बोलावलं असा अर्थ होत नाही. देवडीपर्यंत जायचं की चौकापर्यंत, हे घरच्यांनी ठरवायचं. आजी-आजोबा एकटे राहत असतील तर वीस माणसं आत नेण्याचा विषयच काढू नका. ते भिडेखातर हो म्हणतात आणि दिवसभर त्रास सोसतात. दारातूनच तुळया, कोनाडे आणि वरचं लाकूडकाम दाखवता येतं. ज्या घरासमोर तुमचा थांबा आहे त्या घरी आदल्या आठवड्यात जाऊन सांगून या. फेरी दर महिन्याला करणार असाल तर हे दर महिन्याला करा.

गळ्यात अडकवायचा छोटा स्पीकर नेहमीसाठी नको. सकाळी आळीत तो वाजला की खिडक्या उघडतात आणि पुढच्या वेळी स्वागत कसं होतं ते कळतं. घाटावर वारा असेल तर तेवढ्यापुरता, तोही कमी आवाजात. नगरपरिषदेला आणि पोलीस ठाण्याला तारीख कळवून ठेवणं चांगलं. वाई परिसरात चित्रपट-मालिकांची चित्रीकरणं सतत चालतात आणि एखादा घाट दोन दिवस त्यांच्याकडे असू शकतो, हेही त्यामुळे आधी कळतं.

तपासा: पंचांग उघडा. संकष्टी, अंगारकी, गणेशोत्सव, माघी गणेशजयंती या दिवशी गणपती आळीत फेरी नको. कृष्णाबाईचा उत्सव हिवाळ्याच्या शेवटाला एकेका घाटावर पाळीपाळीने होतो. त्या काळात ज्या घाटावर मांडव असेल तो थांबा बदलावा लागतो. उत्सवच दाखवायचा असेल तर ती वेगळी फेरी, संध्याकाळची आणि लहान गटाची.

टप्पा ६: वेळापत्रक मोकळं ठेवा

हिवाळ्यातलं एक नमुना वेळापत्रक:

७:०० जमणं, हजेरी, स्वच्छतागृह
७:१५ पहिला थांबा
७:३० घाट, दुसरा थांबा
७:५० आळीतून चालणं, तिसरा थांबा
८:१५ ढोल्या गणपती: मागची बाजू, मग दर्शन
८:४० काशीविश्वेश्वर
९:०० शेवटचा थांबा, बसून
९:१५ समाप्ती, चहा

यात पंधरा मिनिटं लपवलेली आहेत: ७:५० ते ८:१५ ला प्रत्यक्षात पंधरा-सतरा मिनिटंच लागतात, ८:१५ ते ८:४० मध्येही थोडी सैल जागा आहे. ही मोकळीक लोकांना सांगू नका, नाहीतर ते ती वापरतात. उशिरा येणाऱ्यांसाठी दहा मिनिटं थांबा, अकराव्या मिनिटाला निघा आणि दुसरा थांबा कुठे आहे ते त्यांना फोनवर कळवा.

पुण्याहून येणारे असतील तर सातची वेळ त्यांना जड जाते. महामार्गावरून सुरूर फाट्याला वळून वाईत यायला पहाटे निघावं लागतं. त्यांच्यासाठी फेरी दहाला ठेवण्यापेक्षा आदल्या रात्री मुक्कामाला या असं सांगा, किंवा चार वाजताची फेरी करा. दहाची फेरी कुणाच्याच फायद्याची नसते.

टप्पा ७: आदल्या दिवशीचा संदेश

व्हॉट्सअॅपवर लांबलचक निबंध पाठवू नका. कुणी वाचत नाही. एवढं पुरतं:

"उद्या रविवार, सकाळी ७ वाजता, गंगापुरीत (पिन खाली). सव्वासातला निघू. चालणं दोन किलोमीटरच्या आत, घाटाच्या पायऱ्या आहेत, मध्ये दोनदा पादत्राणं काढावी लागतील: मागे पट्टा असलेल्या सँडल घाला, नाड्यांचे बूट नकोत. पाण्याची बाटली, टोपी. गाड्या आळीत आणू नका, बाहेर लावून चालत या. गुडघ्याचा किंवा दम्याचा त्रास असेल तर मला आज खाजगीत कळवा. नदीत उतरायचं नाही."

शेवटचं वाक्य रुक्ष वाटलं तरी तसंच राहू द्या. आणि "त्रास असेल तर खाजगीत" हे शब्द महत्त्वाचे. गटात कुणी आपला गुडघा जाहीर करत नाही.

पैसे घेत असाल तर रकमेत चहा धरला आहे का आणि पावसाने फेरी रद्द झाली तर काय, हे आधीच लिहून द्या.

टप्पा ८: प्रत्यक्ष फेरी

तुम्ही पुढे, एक साथीदार शेवटी. शेवटच्याचं काम एकच: त्याच्या मागे कुणी राहू द्यायचं नाही. तो माहिती सांगत बसला, फोटो काढत बसला की संपलं. निघताना, घाटावरून वर आल्यावर आणि देवळातून बाहेर पडल्यावर डोकी मोजायची.

प्रत्येक थांब्यावर हा क्रम ठेवा:

1. थांब्यापाशी पोचा आणि बोलू नका. शेवटचा माणूस येईपर्यंत थांबा.
2. उन्हाकडे तोंड तुम्ही करा. त्यांची पाठ उन्हाकडे असू द्या.
3. शक्य असेल तर तुमच्या पाठीशी भिंत घ्या, आवाज पुढे जातो.
4. आधी पाहायला सांगा, अर्धं मिनिट. मग बोला.
5. एक प्रश्न घ्या. बाकीचे चालताना.
6. पुढचा थांबा कुठे आणि किती लांब, ते सांगून निघा.

चौथी पायरी गाळली जाते, कारण शांततेची बोलणाऱ्याला भीती वाटते. पण आधी ऐकलेल्या माणसाची नजर नंतर फक्त ऐकलेलंच शोधते. स्वतःच्या डोळ्यांनी काही सापडायला त्याला ते अर्धं मिनिट लागतं.

चालता चालता माहिती सांगायची नाही. पुढच्या तिघांना कळतं, मागच्या सतरा जणांना आपण काहीतरी हुकवतोय एवढंच कळतं. चालताना बोटाने दाखवायच्या गोष्टी दोन शब्दांत: "उजवीकडे वर, लाकडी कंस." झालं.

घाटावर दहाव्याचा विधी चालू असेल तर दुरूनच वळा. माणसांना हळू आवाजात सांगा की मोबाइल खिशात ठेवा. कपडे धुणाऱ्या बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढायचे नाहीत, हे सुरुवातीलाच सांगून टाका. घडल्यावर टोकलं तर दोघांनाही लाज वाटते.

गटात एखादे जाणकार काका असतातच. दर थांब्यावर ते भर घालतात, आणि बरेचदा त्यांची माहिती चांगली असते. त्यांना तोडू नका. दुसऱ्या थांब्यानंतर बाजूला घेऊन म्हणा, "काका, शेवटच्या थांब्यावर पाच मिनिटं तुमची." ते खूश, गट मोकळा.

टप्पा ९: काही बिघडलं तर

थांब्याची जागा अडलेली असेल तर पर्यायी जागा शोधत फिरू नका. तो थांबा सोडा आणि त्यातलं एक वाक्य पुढच्या थांब्यावर जोडा. म्हणूनच टप्पा ४ मध्ये प्रत्येक थांब्याचं सर्वांत महत्त्वाचं वाक्य अधोरेखित करून ठेवायचं.

कुणाला पायऱ्या उतरणं जमत नसेल तर वर सावलीत बसायची जागा आणि सोबतीला शेवटचा साथीदार, ही सोय आधीच ठरलेली हवी. तेवढा वेळ डोकी तुम्हीच मोजा. पायरीवरून घसरणं हा वाईतला सगळ्यांत नेहमीचा अपघात. पिशवीत क्रेप बँडेज, मीठ-साखर किंवा ओआरएस, जवळच्या दवाखान्याचा आणि एका रिक्षावाल्याचा नंबर ठेवा. रिक्षा कुठल्या आळीत शिरू शकते आणि कुठल्या तोंडाशी थांबते, तेही पाहणीच्या वहीत असू द्या.

अवकाळी पाऊस आला तर घाट रद्द. पुढचं सगळं एखाद्या देवळाच्या मंडपात बसून सांगायचं असं ठरवत असाल, तर त्याचीही परवानगी आधीच विचारलेली असावी. मंडपात बसून वीस मिनिटं सांगा आणि थांबा. ओल्या कपड्यांत माणूस त्याहून जास्त ऐकत नाही.

टप्पा १०: शेवट आणि वही

शेवटचा थांबा बसून घ्या आणि तिथे नवी माहिती देऊ नका. विचारा: "आज पाहिलेल्यातलं घरी जाऊन कुणाला काय सांगाल?" बहुतेक जण माशाच्या आकाराची भिंत सांगतात. एखाद्या थांब्याचा कुणीच उल्लेख केला नाही, तर तो थांबा पुढच्या वेळी बदलायचा.

चहा गावातल्याच हॉटेलात घ्या आणि वीस चहा लागतील हे आदल्या दिवशी सांगून ठेवा. ऐनवेळी सांगितलं तर पंचवीस मिनिटं जातात. ज्या घरासमोर थांबलात त्यांना जाता जाता भेटून या, तुमच्या मागे दारात बाटल्या-कागद राहिले नाहीत ना ते पाहा.

त्याच दिवशी, संध्याकाळ व्हायच्या आत, वहीत लिहा: प्रत्येक थांब्यावरून प्रत्यक्ष किती वाजता निघालात, सावली कुठे होती, कुठला प्रश्न आला ज्याचं उत्तर तुमच्याकडे नव्हतं, कोण रागावलं. थांबा ठरल्यापेक्षा लांबला असेल तर का, तेही लिहा: बोलणं वाढलं, चपला, की फोटो. बोलणं वाढलं असेल तर मजकूर छाटा. चपलांमुळे असेल तर क्रम बदला. फोटोंमुळे असेल तर त्या थांब्याला तीन मिनिटं जास्त द्या आणि दुसरीकडची कमी करा, कारण फोटो काढू नका म्हणून लोक थांबत नाहीत.